पडून दाखवायचं काम

होडी भरकटली ती माझ्यामुळं, हे आमच्या कोळीवाड्यात ज्याला त्याला माहीत होतं. माहीत नसेल त्याला माझा बा स्वतः बसवून सांगायचा. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, बानं मला पहिल्यांदा खाडीत जाळं टाकायला नेलेलं. जाळ्यात शिंगाळा आला. शिंगाळ्याला दोन बाजूंनी काटे असतात, करवतीसारखे. बानं सोडवायला हात घातला आणि काटा तळहातात घुसला. रक्ताची धार लागली. ती धार मी बघितली, एवढंच मला आठवतं. त्यापुढचं आठवतं ते एकदम काठच्या तिवरांच्या झाडीतल्या चिखलात. होडी कलंडलेली, ओहोटी लागलेली आणि बा माझ्या तोंडावर खारं पाणी मारतोय. भरती येईपर्यंत दोघं तसेच चिखलात बसून. संध्याकाळी परत आलो तर सगळा वाडा धक्क्यावर जमलेला. बानं उतरता उतरताच आवाज दिला, "पोरगा रक्त बघून झोपला! त्याला सांभाळू का होडी सांभाळू?" लोक जे हसले, ते पुढं आठ-नऊ वर्षं हसतच होते. त्यानंतर बानं मला होडीत घेतलं नाही. रागावला नाही, मारलं नाही, नुसतं घेतलं नाही. कोळ्याच्या पोराला त्यापेक्षा दोन थोबाडीत चालतात.

हे मी मोबाईलमध्ये बोलतोय. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही बोलत सुटा, ते आपोआप लिहून येतं. चौथीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणालेले, ह्याला लिहायचा कंटाळा आहे. बरोबर बोललेले. मी साठ वर्षं थांबलो, शेवटी सोय झाली.

तर आमचं घर खाडीला लागून, दोन खोल्यांचं. पुढं ओटा, ओट्यावर बाची जाळी आणि आयचा कोयता. घराला तीन वास कायमचे: डांबराचा, सुक्या जवळ्याचा आणि बाच्या बिडीचा. आय बाजारात मासे विकायची आणि घरासाठी ठेवलेले दुपारी ओट्यावर बसून कापायची. कापायच्या आधी ती मोठ्यानं हाळी द्यायची, "काशाऽऽ, कापते रं!" स्टेशनात गाडी यायच्या आधी सांगतात ना, तसं. हाळी आली की मी हातातलं टाकून मागच्या दारानं खाडीवर. शेजारच्या बायका हाळी ऐकून घड्याळं लावायच्या. गंमत अशी की त्याच वेळेला बालाही बिडीची तलफ यायची. तो पुढच्या दारानं धक्क्यावर जायचा. मला वाटायचं, माणसाला तलफ कशी घड्याळासारखी लागते. अर्ध्या तासानं दोघं दोन दारांनी परत यायचो, तोवर चुलीवर चिखलातल्या निवट्यांचं कालवण रटरटत असायचं. कोकमाचा आंबट वास, तांदळाच्या भाकऱ्या तव्यावर फुगलेल्या. खाताना मला आयुष्यात कधी चक्कर आलेली नाही, हेही सांगून ठेवतो. चार भाकऱ्या खायचो. आय म्हणायची, "कापताना पळतोस नि खाताना सगळ्यात पुढं."

होडीत उपयोग नाही, बाजारात कोयत्याजवळ उभा राहू शकत नाही, शाळा सुटलेली. मग वाड्यातल्या एकानं मला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चिकटवलं. दोन गाळ्यांचं वर्कशॉप. मालक पेठेकाका. डोंबिवलीला राहायचे, आधी शाळेत विज्ञान शिकवायचे, मग रिटायर होऊन हे सुरू केलेलं. शाळांच्या प्रयोगशाळेसाठी शरीरं बनवायचे. शरीरं म्हणजे प्लास्टरची. सापळे, डोळे, कान, आणि मुख्य माल म्हणजे नाना. नाना हे आमचं वर्कशॉपातलं नाव. डोक्यापासून कमरेपर्यंतचा माणूस, हात नाहीत, पाय नाहीत. पोटाचं झाकण काढलं की आत सगळं: हृदय, फुप्फुसं, लिव्हर, आतडी, सगळं बाहेर काढून परत बसवता येतं. पहिल्या दिवशी काकांनी मला विचारलं, "रक्त, आतडी वगैरे बघून मळमळत नाही ना तुला? काही मुलं टिकत नाहीत इथे." मी तोंड उघडेपर्यंत स्वतःच हसले. "अरे, तू तर कोळ्याचा! तुला काय विचारायचं." मी तोंड मिटलं. खोटं बोललो नाही, फक्त खरं बोलायची संधी सोडली. बानं वाड्यात सांगितलं, पोराला डोक्याचं काम मिळालंय. तेही खोटं नव्हतं. पहिले सहा महिने मी डोकीच रंगवली.

रंगाचं मला काही होत नव्हतं. लाल ऑइलपेंटचा डबा उघडून दिवसभर नसा रंगवायचो, लाल आणि निळ्या, ब्रश बारीक, हात स्थिर. काका म्हणायचे, हात सर्जनचा आहे. हे ऐकून मला घाम फुटायचा. जेवणाच्या सुट्टीत काका डबा खाता खाता शिकवायचे. आम्हाला विचारायचे, "लहान आतडं किती लांब असेल, सांगा बरं?" कुणी म्हणायचं हातभर, कुणी दोन हात. काकांनी वीस फूट सुतळी मोजली आणि गाळ्याच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली. म्हणाले, "ही एवढी तुमच्या प्रत्येकाच्या पोटात. आता पोळी खा." मी तेच घरी जाऊन बाच्या जाळ्याची दोरी घेऊन करून दाखवलं. आय दोरीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणून तुझं पोट भरत नाय."

ह्या असल्या ज्ञानामुळं वाड्यात माझा दवाखाना सुरू झाला. मला अवयवांची नावं धड येत नव्हती, पण प्रत्येकावर नंबर चिकटवायचं काम माझं, त्यामुळं नंबर पाठ. पारूमावशी यायची, "काशा, मना इथं दुखतं. इथं काय असतं?" मी गंभीर तोंड करून म्हणायचो, "तिथं सात नंबर." तिचं समाधान व्हायचं. सात नंबर लिव्हर. ते मी सगळ्यांना डावीकडे दाखवायचो. कारण नाना माझ्यासमोर तोंड करून बसायचा, त्याची उजवी बाजू माझ्या डावीकडे. वर्षभर आमच्या वाड्याची लिव्हरं चुकीच्या बाजूला होती आणि पारूमावशीनं त्या चुकीच्या बाजूला शेक घेऊन स्वतःला बरंही केलेलं. काकांच्या लक्षात आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिचं बरं होणं आणि तुझं सांगणं, ह्यांचा संबंध नसेल, असं कधी मनात आलं का?" नव्हतं आलं. बरं झालेल्या माणसाला कोण प्रश्न विचारतं?

मग ती ऑर्डर आली. कल्याणच्या एका शाळेला नाना हवा होता. तिथल्या विज्ञानाच्या लेलेबाई काकांच्या ओळखीच्या. त्यांनी निरोप धाडलेला की सोबत एक खरा मासाही पाठवा, मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवू, आपल्यात काय आहे, माशात काय आहे. काका खूश. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काशिनाथ, हे तर तुझ्या घरचं काम. नाना पोचव आणि मासा तिथेच मुलांसमोर काप. जमलं तर पुढच्या सगळ्या शाळांना तूच जायचं." मी म्हटलं, "हो काका." दुसरं काय म्हणणार? सांगितलं असतं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की वाड्यात कळणार, आणि वाड्यात कळलं की बाची होडीची गोष्ट परत पहिल्यापासून.

घरी आलो आणि आयला एकटीला गाठून सांगितलं. ती ऐकता ऐकता पदरात तोंड घालून हसली.

"मग सांग ना काकांना, मना जमत नाय म्हणून."

"आय, तूच काप. इथंच कापून दे. रक्त सगळं धुवून टाक, आतलं सगळं परत जागच्या जागी ठेव, आणि वरनं दोऱ्यानं बांध. मी तिथं नुसता दोरा सोडणार."

"नानासारखा?"

"नानासारखा."

"माशाला झाकण लावायचं?" आय म्हणाली. "माझ्या आयुष्यात मी माशाचं झाकण काढलंय. लावलं नाय कवा."

पण लावलं. तिनं चांगला हातभर जिताडा घेतला. जिताडा आमच्याकडे साहेबाला नाहीतर व्याह्याला द्यायचा मासा. मी म्हटलं, साधं बोईट चालेल. ती म्हणाली, "शाळेत जातोय, बोईट काय नेतंस?" मला मागच्या दारानं हाकललं, पोट चिरलं, धुतलं, परत धुतलं, सगळं आत ठेवून जाळ्याच्या दोऱ्यानं टाके घातले. गोणपाटात बर्फ भरून दिला. कल्ल्यांचा विषय माझ्या डोक्यात आला नाही, तिच्याही नाही. रक्त पोटातच असतं असं मी धरून चाललेलो. वर्षभर शरीरं रंगवलेला माणूस, तरी.

ठाण्याहून एसटीनं कल्याणला निघालो. नानाला खिडकीजवळ बसवलं, मी मधे, मांडीवर जिताडा. कंडक्टर आला, नानाकडे बघितलं, पोटात डोकावला.

"ह्याचं तिकीट?"

"साहेब, ह्याला हात नाहीत, पाय नाहीत. हा अर्धाच आहे."

"मग अर्धं तिकीट," कंडक्टर म्हणाला आणि खरंच फाडलं. लहान मुलाचं तिकीट नानाच्या फुप्फुसात खोवून मी कल्याणला उतरलो.

आठवीचा वर्ग. लेलेबाई बारक्या, चष्मा, आवाज मात्र मोठा. टेबलावर नाना बसवला, शेजारी ट्रेमध्ये जिताडा. बाई म्हणाल्या, "हे काशिनाथदादा. हे ही मॉडेलं बनवतात. आज हे आपल्याला समजावून सांगणार आहेत." एकोणीस वर्षांत मला कुणी समजावून सांगणारा म्हटलं नव्हतं. छाती फुगली. नानाचं झाकण काढलं, नंबराप्रमाणे सगळं सांगितलं, लिव्हर ह्यावेळी बरोबर उजवीकडे. मुलं गप्प बसून ऐकत होती. मग जिताडा. दोरा सोडला, नजर पंख्यावर ठेवून बोटांनी पोट उघडलं, म्हटलं, "हे माशाचं हृदय, हे लिव्हर, बघून घ्या."

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. वैशाली नाव. "दादा, ह्याच्यात रक्त कसं नाही?"

इथं मी गप्प बसलो असतो तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण छाती फुगलेली होती. मी म्हटलं, "खाडीच्या माशाला रक्त नसतं. सारखा पाण्यात असतो ना, धुवून जातं."

"काहीपण!" वैशाली म्हणाली. "माझी आई मासे विकते. असतं रक्त."

वर्ग हसला. बाईंनी हात वर करून गप्प केलं. मला वाटलं, पोरीला ओरडतील. त्या म्हणाल्या, "दादांनी एक विधान केलं. वैशालीनं एक विधान केलं. आता कोण मोठं, कोण लहान हे बघायचं का? काय करायचं?"

सगळा वर्ग एका सुरात, "तपाऽऽसायचं!"

"वैशाली, ये. रक्त कुठे सापडेल?"

ती आली आणि तिनं सराईतपणे जिताड्याच्या गालावरचं झाकण बोटानं उचललं. आत कल्ले. लालभडक. एक थेंब ट्रेमध्ये पडला. बर्फाच्या पाण्यात पसरला.

पुढचं मी मुलांच्या वह्यांमधून सांगतो, कारण मी हजर नव्हतो. दादा आधी पांढरे झाले. मग हिरवे झाले, असं दोघांनी लिहिलेलं. मग दादांनी नानाला मिठी मारली आणि दोघं खाली पडले. नाना सगळा उघडला. हृदय दुसऱ्या बाकाखाली, आतडी दाराशी, एक फुप्फुस खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं पडलेलं.

डोळे उघडले तर वर पंखा आणि पंख्याभोवती गोल चाळीस डोकी. माझे पाय खुर्चीवर ठेवलेले. एक मुलगा माझं मनगट धरून मोठ्यानं मोजत होता. "बाई, दादा जिवंत आहेत!"

"छान. लिहून घ्या," बाई म्हणाल्या.

मी उठायला गेलो. बाईंनी कपाळावर हात ठेवून परत झोपवलं. "घाई नको. आडवाच रहा. आता तूच आमचं मॉडेल. सांग, पडायच्या आधी काय काय वाटलं? आठवून, एकेक."

मला रडायला येत होतं. नोकरी गेली, एवढंच डोक्यात. तरी सांगितलं. कानात घूं घूं. मानेवर गार घाम. पोटात ढवळलं. कडेनं अंधार आला. "आणि बाई, जांभई आली."

"किती?"

"दोन-तीन."

"जांभई लिहा," बाई म्हणाल्या. चाळीस पेनं चालली. एवढ्या लोकांनी माझी जांभई लिहून घेतली, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

मग बाई वर्गाकडे वळल्या. "तुमच्यात चौथ्या मजल्यावर कोण राहतं?" पाच-सहा हात वर. "पाण्याला जोर नसला की तुमच्याकडे काय होतं?"

"येतच नाही, बाई! तळमजलेवाले सगळं भरून घेतात!"

"बरोबर. आता दादांचं डोकं म्हणजे चौथा मजला. पाय म्हणजे तळमजला. हृदय म्हणजे पंप. दादांना रक्त दिसलं की त्यांचा पंप आधी जोरात धावतो, मग एकदम मंदावतो, आणि पायांकडचे पाईप रुंद होतात. पाणी खाली साचलं. चौथ्या मजल्याचा नळ कोरडा. मग बिल्डिंग काय करते?"

"पडते!"

"आडवी होते. आडव्या बिल्डिंगला मजले असतात का? सगळ्यांना सारखं पाणी. दादा पडले आणि पडल्यामुळेच शुद्धीवर आले. शरीरानं स्वतःची दुरुस्ती स्वतः केली. डोकं आपटतं तेवढं मात्र वाईट, म्हणून आपणच आधी खाली बसायचं."

वैशाली माझ्या डोक्याशी उकिडवी बसलेली. बिचारीला वाटत होतं, तिनं मला पाडलं. तिनं विचारलं, "म्हणजे दादा भित्रे नाहीत?"

हा प्रश्न मी स्वतःला आठ-नऊ वर्षं विचारत होतो आणि उत्तर कायम एकच यायचं. बाई म्हणाल्या, "घाबरलेल्याचं हृदय जोरात पळत राहतं, त्याला पळून जायचं असतं. ह्याचं हृदय मधेच ब्रेक लावतं. वाघाला न घाबरणाऱ्या माणसाचंही असं होऊ शकतं." मग मला हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्यांदा पडलास तेव्हा लोक हसले का रे?"

"अजून हसतात, बाई."

"मग तुला आता दोन गोष्टी आहेत. रक्त बघून पडणं ही एक. आणि आता मी पडणार, आता सगळे हसणार, ही दुसरी. पहिली शरीराची. दुसरी लोकांनी दिलेली. दुसरी परत करून टाक."

मग पहिलीचा उपाय शिकवला. चक्कर यायला लागली की मुठी आवळायच्या, मांड्या, पोटऱ्या कडक करायच्या, थोड्या सैल करायच्या, परत आवळायच्या. पायांचे पाईप दाबले की पाणी वर चढतं. सगळ्या वर्गानं माझ्यासोबत करून बघितलं. चाळीस पोरं दात-ओठ खाऊन बसलेली, चेहरे लालबुंद. बाहेरून जाणारा शिपाई थांबून बघायला लागला. त्याची नजर मात्र जिताड्यावर होती आणि ती काही शास्त्रीय नव्हती. बाईंनी मला जमिनीवरच बसवलं, ट्रे समोर ठेवला. "आवळ. आता बघ." मी आवळलं. कानात घूं सुरू झालं, परत आवळलं, आणि घूं मागं गेलं. कोळ्याचा पोर, एकोणीस वर्षांचा, आयुष्यात पहिल्यांदा माशाचे कल्ले बघत होतो. कंगव्यासारखे बारीक दाते, लाल. बाई म्हणाल्या, पाण्यातली हवा ओढून घ्यायला रक्त तिथं कातडीच्या अगदी जवळ येतं, म्हणून लाल. आमच्या घरी रोज टोपलीभर यायचे ते. मला वाटायचं, जगात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी मलाच दिसत नाहीत. खरंच दिसत नव्हत्या. मी मागच्या दारानं खाडीवर असायचो.

निघताना बाई म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला होतं का असं? बऱ्याचदा हे घराण्यात चालत येतं."

"नाही बाई. माझा बा तांडेल आहे. होडीचा मुख्य."

"तांडेल असला म्हणून काय झालं?" वैशाली म्हणाली.

पेठेकाकांना सगळं खरं सांगितलं. उभा राहून, मांड्या आवळून. ते खुर्चीतच हसत हसत खाली घसरले. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "लेलेबाईंचा निरोप आला मघाशी. पुढच्या वर्षी मॉडेल नको, म्हणाल्या, मॉडेलवाला पाठवा." नोकरी राहिली. वर काम वाढलं. नाना घेऊन जायचं, चौथा मजला समजावून सांगायचा आणि टेबलावर आडवं होऊन दाखवायचं. पुढं कितीतरी वर्षं मी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत शाळाशाळांतून पडून दाखवलं. अजूनही कल्याणात एखादा टक्कल पडलेला माणूस रिक्षातून हाक मारतो, "दादाऽऽ, जांभई!" बायको विचारते, हा कोण? काय सांगणार?

पण मला जे सांगायचंय ते कल्याणला पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. रविवार होता. बा ओट्यावर जाळं सांधत बसलेला, मी शेजारी. सदऱ्याच्या खिशात हाताला काहीतरी लागलं. काढलं तर नानाचं मूत्रपिंड, पडापडीत कसं शिरलं कुणास ठाऊक. बानं ते हातात घेतलं, फिरवून बघितलं. "हा काय, काजू?"

"मूत्रपिंड. नऊ नंबर."

तेवढ्यात आतून हाळी आली. "काशाऽऽ, कापते रं!"

पाय सवयीनं उठले, मी त्यांना बसवलं. मुठी आवळल्या. आय कोयता आणि टोपली घेऊन ओट्यावर आली, मला बसलेला बघून थबकली. बा मात्र उठला. नऊ नंबर हातात तसाच.

"बा, कुठं चाललास?"

"बिडी ओढून येतो."

"बिडीचं बंडल हे इथं राहिलं."

बा उभा राहिला. बंडल जाळ्यावर पडलेलं, त्याच्या डोळ्यांसमोर. आयनं कोयता टोपलीत ठेवला आणि ओठ दाबून खाडीकडे बघायला लागली. आणि मला एकदम ते सुचलं. आठ-नऊ वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. शुद्ध माझी हरपलेली. होडीवर बा होता. बा जागा होता तर होडी तिवरांत गेली कशी?

"बा," मी म्हटलं, "शिंगाळा लागला त्या दिवशी. तुझ्या कानात घूं घूं झालेलं काय?"

बानं बंडल उचललं, परत जाळ्यावर ठेवलं.

"मानेवर घाम? गार?"

बा नऊ नंबर चोळत होता. त्याचा रंग उडेल असं वाटलं मला.

"जांभई आलेली?"

मग बा हळूच खाली बसला.

"दोन," म्हणाला.

आय हसली नाही. तिला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिचं बोट कापलेलं, आणि बा चुलीजवळ पडलेला. उठून म्हणाला, ऊन लागलं. घरात. ती त्या दिवसापासून हाळी द्यायची. माझं नाव नुसतं नंतर लावलं.

मी बाला सगळं समजावून सांगितलं. चौथा मजला त्याला पटेना. म्हणाला, "आपल्या वाड्यात चौथा मजला हाय कुणाचा?" मग म्हटलं, रक्ताला ओहोटी लागते. डोक्यातलं पाणी उतरून पायाशी जातं. आडवं झालं की भरती. हे मात्र त्याला लगेच कळलं. तांडेल होता, भरती-ओहोटी त्याला कोण शिकवणार? "मंग घाबरट नाय ना?" त्यानं विचारलं. कुणाबद्दल विचारलं ते मी विचारलं नाही. "नाय," म्हटलं. वाड्यात कुणाला बोलायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली. ती मी तो असेपर्यंत पाळली. आय असेपर्यंतही पाळली. आता दोघंही नाहीत, आणि हा मोबाईल काही शपथ मानत नाही.

आय कापायला बसली. आम्ही दोघं बापलेक ओट्यावर, मुठी आवळून, मांड्या कडक करून, नजर समोर. पारूमावशी रस्त्यानं चाललेली, बघून म्हणाली, "काय रं, दोघांना एकदम जुलाब काय?" बा हलला नाही. कोयत्याचा खटाखट आवाज येत होता. तिसऱ्या माशाला बानं दात आवळूनच मला विचारलं,

"परवा दुपारची भरती हाय. येतंस काय होडीत?"

"परत शिंगाळा लागला तर?"

बानं मुठी आणखी आवळल्या.

"तर दोघंपण आडवं व्हायचं," म्हणाला. "होडी काय, तिला तिवरांची वाट ठाऊक हाय."